खालच्या बाईचा हात

शुक्रवार असला की आखातातल्या वादी कबीरमधलं गॅरेज बंद असायचं, म्हणून जैनुद्दीनने सकाळीच गाडी काढली. डिकीत कोळशाची पिशवी, मसाला लावून ठेवलेली कोंबडी, चटई, पाण्याचे कॅन, आणि या सगळ्यांवर आडवी टाकलेली तौहीदची फळी. भंगारातल्या एका व्हॅनचं प्लास्टिक कापून जैनुद्दीनने ती स्वतः बनवली होती. खालून मेणबत्ती घासली की ती वाळूच्या उतारावरून अशी सुटायची, की त्याची बायको नसीबा डोळेच मिटून घ्यायची. कितीतरी वर्षं दुआ मागून मागून झालेला तौहीद हा एकुलता एक मुलगा. त्याला नुसतं खरचटलं, तरी ती रात्रभर त्याच्या उशाशी बसायची.

जानेवारीची हवा गोड होती. इब्रा गाव मागे पडलं, डांबरी रस्ता संपला, टायरमधली हवा कमी करून गाडी वाळूत शिरली. मागच्या वर्षीची ती उंच लाल टेकडी सापडली खरी, पण तिच्या उभ्या बाजूच्या पायथ्याशी आज दुसरंच कुटुंब चटई टाकून बसलं होतं.

जैनुद्दीनने सामान उतरवलं नाही. आधी तो सलाम करायला गेला. टेकडी एक आणि मंडळी दोन, तेव्हा बोलून घ्यावं, असं त्याचं म्हणणं. बोलता बोलता कळलं की ती माणसं श्रीवर्धनकडची. नवरा शरीफ, त्याचं रुस्ताकला दुकान. बायको अमीरुन्निसा, आणि दोन लहान मुलं. परक्या वाळूत आपली बोली कानावर पडली तशी नसीबा खुलली. दोघी बायकांनी गावं, सासरं, माहेरं सगळं उभ्याउभ्याच विचारून घेतलं.

अमीरुन्निसाची मुलं उताराच्या पायथ्याला बोगदा खणत होती, समुद्रावर खणतात तसा. ते पाहून जैनुद्दीनचा चेहरा बदलला. त्याने शरीफला समजावलं, की किनाऱ्यावरची वाळू ओली असते, ती उभी राहते. ही कोरडी. वरून कुणी घसरलं की ती सगळीच्या सगळी खाली येते, आणि वर उभ्या असलेल्याला खालचं नीट दिसत नाही.

"गॅरेजात आमचा एकच कायदा आहे, शरीफभाई," तो म्हणाला. "गाडीखालचा माणूस स्वतः 'खलास', झालं, असं बोलल्याशिवाय जॅकला हात लावायचा नाही."

मग ठरलं ते असं. मुलं उतारापासून लांब आली की अमीरुन्निसाने ओढणी वर धरायची. ओढणी दिसली तरच तौहीदने फळी सोडायची. नाही दिसली, तर थांबायचं.

"म्हणजे आज मी ट्रॅफिक पोलीस," अमीरुन्निसा म्हणाली आणि आपली पिवळी ओढणी झटकून तिने तिथल्या तिथे एकदा सराव करून दाखवला. मुलं हसून लोळली.

दुपार फार सुखात गेली. टेकडीच्या मागच्या, सपाट अंगाला जैनुद्दीन कोंबडी भाजत होता, त्याचा वास थेट माथ्यापर्यंत यायचा. माथ्यावर नसीबा आणि तौहीद. खालून पिवळी ओढणी वर व्हायची, तौहीद सुटायचा, खाली जाऊन हात हलवायचा, फळी ओढत पुन्हा वर यायचा. नसीबाला वाटलं, माणसाला आणखी काय हवं असतं.

असरच्या, तिसऱ्या प्रहरच्या नमाजाची वेळ झाली. वारा पडला. उभ्या उतारावर टेकडीची स्वतःचीच सावली पसरत खाली निघाली, आणि पायथा निळसर, थंड दिसू लागला. तौहीद फळीवर बसून वाट पाहत होता. ओढणी वर होत नव्हती.

"अम्मी, शी इज नॉट लिफ्टिंग," तो कुरकुरला.

नसीबाने खाली पाहिलं. मुलं दिसत नव्हती, चटईही नव्हती. पण बाई होती. बोगद्याच्या तोंडाशी, उताराला अगदी टेकून बसलेली. ओढणी मांडीवर. चेहरा सावलीत. आणि एक हात वर केलेला, पंजा उघडा... थांब म्हणून सांगावं तसा.

"मुलं तिथे नाहीत, अम्मी. जाऊ?"

"थांब."

"लास्ट टाइम..."

"थांब म्हटलं ना."

तिने त्याचा दंड धरला. बाईचा हात खाली येत नव्हता. एवढा वेळ कुणी हात असा वर धरून बसतं का, असं नसीबाच्या मनात आलं आणि तिने दंडावरची पकड घट्ट केली. आवाज म्हणून कसला नव्हता. माश्यासुद्धा गप्प झाल्या होत्या.

मग पायाखालून हुंकार आला. आधी तळव्यांना कळला, मग कानांना. जमिनीच्या पोटात कुणी तोंड मिटून गावं, तसा जड, लांबलचक हुंकार. तौहीदच्या पावलांपुढे वाळूला एक रेघ उमटली, आणि त्या रेघेखालचा सबंध उतार, कुणाचाही धक्का न लागता, चादर ओढल्यासारखा खाली सरकत गेला. फळी तेवढी मुलाच्या बुडाखालून निसटून उताराबरोबर गेली. मुलगा नसीबाच्या हातात राहिला.

हुंकार हळूहळू विरला. पायथ्याशी बोगदा नव्हता. बाईही नव्हती.

नसीबाने कशी हाक मारली ते तिला आठवत नाही. जैनुद्दीन धावत आला. मुलाला माथ्याच्या मागे बसवून दोघं कडेकडेने खाली उतरली आणि हातांनी वाळू उपसू लागली. उपसावी तेवढी वरून पुन्हा भरत होती. नखं दुखायला लागली. कोरडी वाळू संपून थंड, दमट वाळू लागली, बंद खोलीसारख्या वासाची. नसीबा अमीरुन्निसाचं नाव घेऊन रडत होती.

"नसीबाबाय... काय शोधताय?"

मागे अमीरुन्निसा उभी होती. तिच्या मागे शरीफ, दोन्ही मुलं त्याचे हात धरून.

नसीबाने तिला आधी चाचपून पाहिलं. मग दोन्ही मुलांना. जैनुद्दीनने विचारलं, की तुम्ही इथून उठलात कधी? अमीरुन्निसाला प्रश्नाचंच नवल वाटलं. ती म्हणाली, मघाशीच, आणि तुमच्यातलीच बाई आली होती ना सांगायला.

"आमच्यात दुसरी बाई नाही," नसीबा म्हणाली.

शरीफने मुलांना जवळ ओढलं.

"आपल्याच बोलीत बोलली," अमीरुन्निसा हळू आवाजात सांगू लागली. "म्हणाली, पोरांना उचल, वाळू यायची आहे. तू जा, इथे मी बसते. मी म्हटलं, वर सांगायला हवं. तर म्हणाली, मी सांगते वर. आणि कडेवरचं लेकरू माझ्याकडे दिलं. झोपलेलं होतं. म्हणाली, हा तेवढा धर... मग मी पोरांना घेऊन गाडीकडे आले."

"आणि ते लेकरू?"

अमीरुन्निसाने आपल्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. मग शरीफकडे. शरीफने नकारार्थी मान हलवली. गाडीकडे आली तेव्हा तिच्याजवळ लेकरू नव्हतं. डावा हात तेवढा दुमडलेला होता. त्याला वाटलं, मुरगळला असेल.

"मी त्याला परत दिल्याचं मला आठवत नाही," ती म्हणाली.

मगरिबच्या आत, दिवस मावळायच्या आधी, सगळं गाडीत भरलं. फळी शोधायला कुणी गेलं नाही. तौहीद कोंबडी खाऊन तृप्त झाला होता, मागच्या सीटवर पेंगत होता. त्याच्या केसांतली वाळू नसीबा पुन्हा पुन्हा झटकत होती आणि मनात अल्लाचे शुक्र मानत होती. निघताना ती अमीरुन्निसाच्या गाडीपाशी गेली. दोघींनी एकमेकींना पोरींसारखी घट्ट मिठी मारली. रुस्ताकला यायचं, वादी कबीरला यायचं, असं पुन्हा पुन्हा ठरलं.

मिठीत नसीबाचा गाल अमीरुन्निसाच्या डाव्या खांद्याला लागला. झोपलेल्या लेकराची लाळ गळून होतो, तसा तो खांदा तळहाताएवढा ओला होता, आणि अजून कोमट होता.