अभावविश्वातली रेवा

परिणाम-मापन संस्थेच्या प्रयोगशाळेत त्या दुपारी दोघंच होती. डॉ. यामिनी तांडेल भिंतभर पसरलेल्या पडद्यासमोर उभी होती आणि तिचा जुना सहकारी निस्सीम पेणकर गणकयंत्रापाशी बसला होता. पडद्यावर करंजवलीची खाडी दिसत होती. पण तिच्या तोंडाशी भरती-ओहोटीवर वीज करणारा बांध नव्हता.

"काय काय वगळलंस यातून?" यामिनीने विचारलं.

"फक्त प्रकल्प. खाडी तीच, माणसं तीच. प्रकल्प कधी आलाच नाही असं धरून यंत्राने गाव आजपर्यंत चालवत आणलं. खऱ्या करंजवलीतून हे अभावविश्व वजा केलं की उरतो तो प्रकल्पाचा परिणाम. गुंतवणूकदारांना तेवढंच हवंय." निस्सीम हसला. "तुझा दीर तिथे अजून डिझेलच्या भावाला शिव्या घालतोय बघ."

यामिनी हसली नाही. खऱ्या करंजवलीत शीतगृह होतं, दवाखाना होता, रात्री अभ्यास करणारी मुलं होती. आणि बांधाची दारं उघडली त्या सकाळी वाहून गेलेली तिची मुलगी रेवा नव्हती. अहवालांनी तिच्या मृत्यूला अपघात म्हटलं होतं; प्रकल्पाच्या हानीत ती कुणीच धरली नव्हती. इथे बांध नव्हता. म्हणजे इथे रेवा असणार, आणि वजाबाकीत ती दिसणारच.

सकाळी घरून निघताना तिचा नवरा दामोदर दारापर्यंत आला होता. "दिसली तर सांग," एवढंच म्हणाला होता. "केवढी झालीय ते."

"दामोदर तांडेलचं घर दाखव," ती म्हणाली.

अंगणात दामोदर जाळं विणत होता. शेजारी दोन मुलगे भांडत होते. एका अनोळखी बाईने आतून त्यांना हाक मारली.

"रेवा कुठाय?"

निस्सीमने शोध घेतला. पुन्हा घेतला. "या जगात ती नाही."

"माहिती अपुरी असेल."

"यामिनी." त्याचा आवाज उतरला. "इथे प्रकल्प नाही. म्हणजे प्रकल्पाआधीची पाहणी नाही. ती करायला पुण्याहून आलेली तू नाहीस, आणि तुला होडीतून खाडीपार नेणारा दामोदरही नाही. रेवाचा जन्मसुद्धा प्रकल्पाचाच परिणाम होता गं."

ती खुर्चीवर बसली. "ठीक आहे. मग तसं मांड. प्रकल्पाने दिली, प्रकल्पानेच नेली. दोन्ही लिही."

"कुठे लिहू? आज या जगात ती नाही, त्या जगातही नाही. फरक शून्य. नियम तुझाच आहे. जे टिकलं तेच मोजायचं."

हो, तिचाच. चार महिन्यांच्या नोकऱ्या आणि बंद पडलेल्या शाळा लाभ म्हणून दाखवणाऱ्या कंपन्यांविरुद्ध भर परिषदेत भांडून तिने तो मंजूर करून घेतला होता. त्या नियमामुळे कितीतरी फसवे प्रकल्प उघडे पडले होते. नियम बरोबर होता. रेवा टिकली नव्हती.

"एका ओळीपुरता बदलू?" निस्सीमने हळूच विचारलं. "कुणाला कळणार नाही."

"मग उद्या प्रत्येकजण आपापली ओळ घेऊन येईल." तिने अहवालावर सही केली. प्रकल्पाचा सामाजिक परिणाम हितकारक ठरला. तो होताही.

फोन वाजला. दामोदर होता.

"दिसली?"

पडद्यावर तोच दामोदर धाकट्याला खांद्यावर घेऊन हसत होता.

"दिसली," यामिनी म्हणाली. "तुझ्या खांद्याला लागलीय."

"कोळंबी सोलते का?"

"छे. नाक मुरडून पळते."

पलीकडे तो हसला. मग त्याने विचारलं, "आणि आपण दोघं? बरे आहोत ना तिथे?"

यामिनीने हात पुढे करून पडदा बंद केला.

"आहोत," ती म्हणाली. "घरीच आहोत सगळे."