झाडूच्या दांड्याचे तीन ठोके

हे घडलंय. माझ्याच घरात. सांगून माझी लाजच जाणार आहे, तरी सांगते.

डुलूथ, मिनेसोटा. नोव्हेंबरातला शनिवार, दुपारचे तीन.

आमचं घर लहान. सरोवराकडच्या खोलीत माझे सासरे ऑनी राहायचे. जन्म बोटीवर गेलेला, आता खिडकीतून बोटी बघायचे. घरून काम करायला मला तीच खोली हवी होती.

"तळघर नुसतं पडून आहे," मी म्हटलं. "आहे ती जागा नीट वापरू या."

माझ्या नवऱ्याने, रॉयने, वडिलांकडे पाहिलं. ऑनीच हसले. "जमिनीखाली जायचंच आहे गं मला. आधीपासून सवय होईल."

ते तळघरात गेले, माझं टेबल त्यांच्या खोलीत आलं. त्यांना जिना चढवेना. तीन वाजता कॉफी आणि पुल्ला, त्यांचा वेलचीचा गोड पाव, हवा असला की झाडूच्या दांड्याने छत ठोकायचे.

तीनच ठोके. बरोबर माझ्या टेबलाखाली... बरोबर माझ्या मीटिंगमध्ये.

शेवटी मी छतात आवाज अडवणारा जाड थर भरून घेतला.

"तुम्हाला थंडी लागू नये म्हणून," मी त्यांना सांगितलं. रॉयलाही तेच सांगितलं.

घर कसं शांत झालं. मला बरं वाटलं. हो, बरं वाटलं.

त्या शनिवारी मी कॉफी विसरले. संध्याकाळी खाली गेले, तर...

ऑनी जमिनीवर पडले होते, अंग गार. हातात झाडू. छतभर गोल खळगे.

"तुला काहीच ऐकू आलं नाही?" रॉयने विचारलं.

"नाही."

ते खरं होतं.

वर्ष झालं. पुन्हा नोव्हेंबर. दुपारी तीनला टेबलाखाली...

ठक. ठक. ठक.

खाली कोणी नव्हतं. झाडू तर आम्ही केव्हाच टाकून दिला होता.

मी टेबल स्वयंपाकघरात हलवलं. ते मागाहून वाढवलेलं, त्याखाली तळघर नाही, नुसती माती आहे.

काल रॉय तिथे माझ्यासमोर कॉफी घेत बसला होता. तीन वाजले.

ठक. ठक. ठक.

रॉयने कप खाली ठेवला. चेहरा पांढराफटक.

"पप्पा असेच ठोकायचे ना? ऐकलंस?"

सांगून टाकायचं होतं मला. सगळं. तोंडही उघडलं.

"नाही," मी म्हटलं.

मला ऐकू यायचं तेव्हा ऑनींनी कधीच तीनच्या वर ठोके दिले नव्हते.

काल माझ्या पायाखाली चौथा पडला... आणि ठोके अजून थांबलेले नाहीत. रॉय आवाज शोधत खाली गेलाय, तळघराचं छत फोडतोय. आत काय भरलंय ते त्याला आता दिसेल.