धुतलेली माती

पराखत आयसुलूला पहिल्यांदा दिसला तो खारट वाऱ्यात पांढरा झालेला. मुयनाक गावातल्या माती तपासणीच्या खोलीचं दार त्यानं खांद्यानं ढकललं. दोन्ही हातांत पिशव्या, पापण्यांवर मीठ... तिला हसू आवरेना. ही समुद्री जीवांचं शिकलेली, हे कळल्यावर त्यानं विचारलं,

"मग समुद्र सोडून मातीत कशा काय आलात?"

"मी कुठं सोडला? त्यानंच आम्हाला सोडलं."

हाताशी ड्रायव्हर असूनही मग मातीच्या पिशव्या घेऊन तोच येऊ लागला. चहाचा पेला घेताना त्याची बोटं उगाच रेंगाळायची, आणि हिला खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचं दिसायचं. आटलेल्या समुद्राच्या तळावर वाळवंटात तगणारी साक्सौलची झाडं लावायची, हे त्याचं काम. गेल्या साली मिठानं सगळी जळाली. यंदाही जळाली तर त्याची बदली ठरलेली होती.

आणि आज रोपं ट्रकवर चढत असताना आयसुलूला आपली चूक उमगली. त्याच्या जमिनीच्या मातीत तिला शिंपल्यांचे तुकडे दिसले होते. हाताला जुनी खोड! जीव शोधायला समुद्रातला चिखल धुवावा तशी तिनं ती माती चाळणीत धरून नळाखाली धुतली, आणि मग तपासली. मीठ केव्हाच वाहून गेलं होतं. जमीन गोड आहे, खुशाल लावा, असं तिनंच कळवलं होतं.

सांगायचं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा पाडून घ्यायचा. तरी ती धावत ट्रकपाशी गेली आणि धापा टाकत सगळं सांगून मोकळी झाली.

पराखतचा चेहरा उतरला. त्यानं ड्रायव्हरला रोपं खाली घ्यायला सांगितलं. तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"गप्प बसले असते," ती म्हणाली, "तर निदान वसंतात रोपं जळेपर्यंत तरी हसून बोलला असतास."

"मग का नाही बसलीस?"

"रोपं मेली की तू जाशील... मला नाही सोसायचं ते."

नुकुस शहरातली चांगली नोकरी आपण उन्हाळ्यातच नाकारली, असं तो मातीकडे बघत पुटपुटला.

"झाडांसाठी?"

"झाडं काय, कुणीही लावेल, आयसुलू." त्यानं रिकाम्या पिशव्या तिच्या हातात दिल्या, फावडं स्वतः उचललं. "चल. अंधार पडायच्या आत तपासायला नवी माती काढू."