खिडकीच्या पलीकडून

बसा. माझी घाई नाही. मुलीला तिच्या नवऱ्याकडे पोचवायला निघालो होतो, दुपारच्या विमानाने. सातवा महिना लागलेला तिला.

महिन्यापूर्वी त्याच बनावटीच्या एका विमानाचा कडेचा पत्रा हवेत उडाला होता. एक प्रवासी नाहीसा झाला, शेवटपर्यंत सापडला नाही. तेव्हापासून लोक दुधाने तोंड पोळल्यासारखे झालेले. कुणी मोबाईलवर विमानाचं वय बघतोय, कुणी पंखाजवळची जागा मागतोय. मुलगी तर नकोच म्हणत होती.

मी म्हटलं, "अगं, तीस वर्षं विमानं तपासलीत मी. बोटाने ठोकून पत्रा सुटलाय का सांगतो. बापावर भरवसा नाही?"

ती आली. माझ्या शब्दावर आली, हे लक्षात ठेवा.

वर गेल्यावर सगळीकडे नुसता पांढरा उजेड. ढग इतके मऊ की विमान चालतंय की तरंगतंय कळेना. मुलगी खिडकीला डोकं टेकून झोपली. मी सवयीने तिच्या मागून हात घालून भिंतीवर टकटक केलं. आवाज भरीव, उत्तम. पुन्हा केलं, उगीच, समाधानासाठी.

टक... टक...

हा माझा नव्हता. बाहेरून आला होता.

माझी पाचावर धारण बसली. हवाईसुंदरीला खुणेने बोलावलं. तिने भिंतीला कान लावला. तिचा चेहरा उतरला, पण तिला नवल वाटलेलं दिसलं नाही.

"काका, वाजवू नका ना..." ती कुजबुजली. "ती बातमी आल्यापासून सगळेच ठोकून बघतात. त्याला वाटतं, कुणीतरी बोलावतंय."

"कुणाला?"

ती घाईने पुढे निघून गेली. पुढचा तासभर मी हात मांडीखाली दाबून बसलो. टकटक थांबली होती. विमान अलगद उतरलं आणि मी मनातल्या मनात रडलो, खोटं कशाला सांगू.

गर्दी ओसरेपर्यंत आम्ही बसून राहिलो. मुलगी डोळे चोळत, हसत उठली.

"किती छान झोप लागली, बाबा! स्वप्नात खिडकीबाहेर एक माणूस होता. बिचारा गारठलेला. सारखं विचारत होता, या विमानात बसायला भीती नाही ना?"

"मग... तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, बाबांनी स्वतः तपासलंय. या की आत."

मी तिचा हात धरला. आमच्यामागे विमान रिकामं होतं, मी दोनदा वळून पाहिलं. दारात हवाईसुंदरी निरोप द्यायला उभी होती. तिने माझ्यासाठी मान लववली, मुलीसाठी लववली.

मग ती भिंतीला पाठ टेकवून बाजूला सरली, आणि मुलीच्या मागून येणाऱ्याला तिने वाट करून दिली.