प्रवासी क्रमांक एक

"लिख्टेनस्टाइन!"

स्वरदा इतक्या मोठ्यांदा म्हणाली, की सायबर कॅफेच्या काउंटरवर बसलेल्या रईसभाईंचा चहा बशीत सांडला.

"काय झालं, ताई?"

"अहो, लिख्टेनस्टाइन नावाचा देश आहे या यादीत! आपल्या मुळशी तालुक्यात असले पाच देश मावतील आणि वर धरणाला जागा उरेल. आइसलँड आहे, माल्टा आहे... आणि भारत नाही! मग पैसे भरणाऱ्यानं राहायचं कुठं? आइसलँडात?"

मागून कुणीतरी हसलं. स्वरदानं गर्रकन खुर्ची वळवली. आपली पाळी यायची वाट बघत एक उंच, सडसडीत तरुण भिंतीला टेकून उभा होता. कंपनीचं ओळखपत्र खिशात कोंबलेलं, पण त्याची निळी दोरी बाहेर लोंबतेय.

"हसायला काय झालं?"

"काही नाही... थंडी फार असते म्हणे आइसलँडात." त्यानं चेहरा गंभीर करायचा प्रयत्न केला, डोळ्यांनी ऐकलं नाही. "यादी पार तळापर्यंत न्या. शेवटी 'इतर' असं असतंय बघा. आपण त्यात."

स्वरदानं यादी खाली नेली. होतं. सगळ्यांच्या शेवटी, एका रेघेखाली... 'इतर'.

"एवढा मोठा देश, आणि 'इतर'?"

"एकटे नाही आपण. चीनपण त्यातच आहे," तो म्हणाला.

आता मात्र तिला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून रागही आला. सकाळपासून ती जर्मन रेल्वेच्या या साइटशी भांडत होती. फ्रँकफुर्ट ते म्युनिक, दोन तिकिटं, एक तिचं आणि एक बाबांचं. एवढंच हवं होतं! पण तिकीट पोस्टानं पाठवायचं तर म्हणे पत्ता युरोपातला पाहिजे. घरी छापून घ्यायचं तर क्रेडिट कार्ड पाहिजे. बाबांच्या बँकेचं कार्ड घातलं, तर साइटनं लाल अक्षरांत नकार दिला. ते कार्ड देशाबाहेर चालतच नव्हतं. तिकीट काढायचं की संन्यास घ्यायचा?

स्वरदा कीर्तनकार. नारदीय परंपरेतली, वयानं लहान पण जिभेनं धारदार. तिचे वडील नरहरीबुवा तिच्या मागे तबल्याला बसत. रामनवमीला तिकडच्या मराठी मंडळानं दोघांना बोलावलं होतं. विमानाची तिकिटं मंडळानं पाठवली. मंडळाच्या मेधाताई रेल्वेचीही काढून देणार होत्या. पण नरहरीबुवांनी मान हलवली. "यजमानाला कितीदा खिशात हात घालायला लावायचा? कीर्तनकारानं गाडीभाडं आपलं आपण बघावं." आणि व्हिसाच्या फाइलीत तर तिकडच्या प्रवासाची तिकिटं, दोघांच्या नावांची, लावायचीच होती. तिकीट नाही तर फाइल नाही, फाइल नाही तर व्हिसा नाही. आणि बाबांच्या तबल्यावाचून कीर्तन म्हणजे तिच्या लेखी मिठावाचून भाकरी.

"माझं कार्ड चालेल," तो म्हणाला. "कंपनीनं मागं जर्मनीला पाठवलं होतं, तेव्हाचं आहे. तुमची हरकत नसेल तर... मी शैलेश. रंभाबाईंच्या माडीवर राहतो."

रंभाबाई म्हणजे गावातल्या जुन्या. स्वरदाच्या प्रत्येक कीर्तनाला पहिल्या सतरंजीवर बसणाऱ्या. त्यांचा भाडेकरू म्हटल्यावर स्वरदानं खुर्ची दिली. तो टाइप करायला बसला, आणि नेमके त्याच क्षणी दिवे गेले. बावधनचं भारनियमन कधी घड्याळ बघून आलंय? यूपीएसनं शिट्टी मारायला सुरुवात केली.

"दोन मिनिटांत बंद पडणार बघा!" रईसभाई ओरडले.

"नाव? प्रवाशाचं नाव? लवकर!"

"स्वरदा! आणि—"

"झालं... झालं... छापा, रईसभाई!"

यंत्रानं कुरकुरत एक कागद बाहेर टाकला आणि पडदा काळा झाला. सगळा मजकूर परक्या भाषेतला. शैलेशनं कागद क्षणभर हातात धरला, मग नीट घडी घालून तिला दिला. पैसे तिनं तिथल्या तिथे त्याच्या हातावर ठेवले.

"कीर्तनाला या," ती जाताना म्हणाली.

"मला त्यातलं काही कळत नाही."

"म्हणून तर या म्हणतेय. कळणारे येतच असतात."

तो आला. पुढचे दहाबारा दिवस संध्याकाळी तालमीच्या वेळी राममंदिराच्या पायरीवर तो हमखास दिसे. कुठं टाळ्या वाजवायच्या हे त्याला कळत नसे. सगळे थांबले की याची एक टाळी उरलेली असे. एकदा तर स्वरदाला गाता गाताच हसू फुटलं.

"काय हो, ती उरलेली टाळी कुणासाठी ठेवता?"

"घाईत राहून जाते," तो कानापर्यंत लाल होत म्हणाला. "तुम्ही... म्हणजे तुमचा सूर थांबलाय, हे मला उशिरा कळतं."

असलं बोलणं ऐकून घ्यायची सवय नव्हती तिला. आंब्याच्या मोहराचा वास आवारात भरून राहिलेला; त्या संध्याकाळी तिचं अंतऱ्याचं एक वळण चुकलं आणि बाबांनी तबल्यावरून नजर वर करून तिच्याकडे पाहिलं... पाहिलं आणि नजर पुन्हा खाली वळवली.

आणि मग मेधाताईंचा फोन आला.

त्यांना व्हिसासाठी निमंत्रणाचं पत्र पाठवायचं होतं, म्हणून स्वरदानं परक्या भाषेतल्या त्या तिकिटाची प्रत न वाचताच त्यांना ईमेल केली होती. फोनचा स्पीकर चालू होता. नरहरीबुवा तबल्याला शाई घट्ट बसलीय का बघत होते, आणि रंभाबाई विरजण मागायला आल्या होत्या.

"स्वरदा, अगं, हे शैलेश कोण?"

"का हो?"

"तिकिटावर प्रवासी क्रमांक एक शैलेश, क्रमांक दोन तू. बाबांचं नावच नाही! आणि इथं घरी छापलेल्या तिकिटाचा नियम असा, की ज्याचं कार्ड तोच प्रवासी. तपासनीस गाडीत ते कार्ड बघतो. म्हणजे हा मुलगा सोबत नसेल तर तुझंही तिकीट रद्दच समज. बदलताही येत नाही हे, स्वस्तातलं आहे ना. हं... लग्नबिग्न ठरलंय का? मग कळवायचंस की गं!"

रंभाबाईंनी विरजणाचं भांडं खाली ठेवलं.

"आगं बया! आमच्या माडीवरचा शैलेश? लई गरीब वाटतंय की त्ये पोर. आन् थेट तिकिटावर?"

"आणि मी?" नरहरीबुवा म्हणाले. "मी काय मालडब्यातून येऊ, डग्ग्यासकट?"

स्वरदाची कानशिलं तापली. पायरीवर बसून टाळ्या चुकवणारा तो साळसूद! बाबांचं नाव गाळलं आणि स्वतःचं घातलं. वर पुन्हा दहा दिवस गोड हसत राहिला. फाइल द्यायला आठवडाही उरला नव्हता. तिला रडू येत होतं आणि रडू येतंय म्हणून आणखीच संताप. फसवलं असतं एखाद्या परक्यानं, तर एवढं लागलं नसतं.

"मी त्याच्याशी एक शब्द बोलणार नाही," तिनं जाहीर केलं.

"नको बोलूस," रंभाबाई म्हणाल्या. "उद्या कीर्तन हाय. आमच्या मालकाच्या आठवणीचं, म्या लावलंय. तितं बोल."

कीर्तनकाराला हे एक बरं असतं. घरात जे तोंडावर बोलता येत नाही, ते गादीवरून हजार कानांत सांगता येतं; आणि ऐकणाऱ्याला उलट बोलायची सोय नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी राममंदिर भरलं. शैलेश आला होता. रंभाबाईंनी त्याला ओढून अगदी पुढं, स्वतःशेजारी बसवलं होतं. स्वरदानं चिपळ्या उचलल्या. पूर्वरंगाला निरूपण ठरलेलं होतं, नाममहिमा. ती त्यावरच बोलली, पण काय बोलली!

"नामाचा महिमा संतांनी सांगितला. पण कुणाच्या नामाचा? देवाच्या! स्वतःच्या नव्हे. हल्ली काही मंडळींना जागा मोकळी दिसली की हात शिवशिवतात. शाळेच्या बाकावर नाव, देवळाच्या पायरीवर नाव. किल्ल्यावर गेले, बुरुजावर नाव! बरं, दगडाला बिचाऱ्याला बोलता येत नाही. पण हे महाभाग..." तिनं सरळ शैलेशकडे बोट केलं नाही, पण बोट जाईल तिथं नजर गेली, "...दुसऱ्याच्या तिकिटावर चढतात! ज्या बापानं लेकीच्या प्रत्येक शब्दाला ताल दिला, त्या बापाला फलाटावर ठेवतात आणि आपण खिडकीशी बसतात! याला काय म्हणावं?"

"धा!" नरहरीबुवांनी तबल्यावर अशी काही थाप दिली, की सगळी सभा हसून लोटपोट झाली.

शैलेशची मान खाली होती. पण तो उठला नाही. प्रत्येक वाक्य अंगावर घेत, मांडी न मोडता बसून राहिला. आणि बाबा? बाबा प्रत्येक टोमण्याला रंगून ठेका देत होते. मिशीत हसतही होते! स्वरदाला त्याचाही राग आला. अपमान त्यांचा, आणि हसतात काय?

पूर्वरंग संपला. गजर सुरू झाला. आता यजमानानं कीर्तनकाराला बुक्का लावायचा, हार घालायचा, ही रीत. रंभाबाईंनी उठायचा प्रयत्न केला आणि गुडघ्यावर हात ठेवून पुन्हा खाली बसल्या.

"न्हाई बाबा उठवत. शैलेश, तू घाल रं हार. जा."

टाळ वाजत राहिले. तरण्या मुलानं तरण्या मुलीला, देवासमोर, सगळ्या गावादेखत हार? मागच्या बायांमध्ये कुजबूज उठली. शैलेशनं हार घेतला. उभा राहिला. स्वरदा त्याच्या हातांकडे बघत राहिली... हा माणूस आता काय करेल?

तो वाकला. एका हातानं रंभाबाईंना काखेत धरून अलगद उठवलं, त्यांच्या पावलानं पाऊल टाकत गादीपर्यंत आणलं, आणि हार त्यांच्याच हातात दिला.

"तुम्हीच घाला, आजी. मी धरतो तुम्हाला."

रंभाबाईंनी हार घातला. तो मात्र नजर खाली ठेवून, दोन हात अंतरावर उभा. स्वरदाला निशिगंधाचा वास आला, आणि का कोण जाणे, डोळ्यांत पाणी.

उत्तररंगात ती एकही टोमणा मारू शकली नाही.

आरती झाली, प्रसाद वाटला. तरुण मंडळी सतरंज्या झटकायला लागली. नरहरीबुवा तबल्यावर गवसणी चढवत सहज म्हणाले, "छान झालं हो कीर्तन. पूर्वरंग विशेष."

"बाबा, तुम्ही हसत होतात!"

"मग काय करू? आज दुपारी हाच मुलगा मला स्कूटरवर बसवून बँकेत घेऊन गेला. रंभाबाईंनी सकाळीच त्याचे कान उपटले होते. रजा टाकली त्यानं. परदेशात चालणारं प्रवासाचं कार्ड काढलं, माझ्या नावावर. मग रईसकडे बसून नवीन तिकीट. प्रवासी क्रमांक एक नरहरी, क्रमांक दोन स्वरदा. जुन्या तिकिटाचं नुकसान माझं, म्हणाला, मला बोलूच दिलं नाही."

"आणि हे मला आत्ता सांगताय? मी एवढ्या लोकांत त्याला—"

"मी सांगणार होतो," बुवा निरागसपणे म्हणाले. "पण तू इतकी रंगली होतीस. रंगात आलेल्या कीर्तनकाराला थांबवणं म्हणजे पाप."

स्वरदा तरातरा पायऱ्या उतरली. शैलेश आवारातल्या आंब्याखाली चपला शोधत होता.

"उठून का नाही गेलात?"

तो दचकला. "कीर्तनातून मधे उठू नये म्हणतात."

"आणि खरं काय ते ओरडून सांगितलं का नाही?"

"उलट बोलायची सोय नसते ना तिथं."

तिला हसायचं नव्हतं. "हार का नाही घातलात? आजींनी तर दिला होता तुमच्या हातात."

"एकदा तुम्हाला न विचारता तुमच्या नावाशेजारी माझं नाव आलं," तो हळू म्हणाला. "ते चुकून आलं. ती शिट्टी वाजत होती, पहिल्या रकान्यात माझं नाव आपोआप पडलं. मला वाटलं, पैसे भरणाऱ्याचं असेल. तुमच्या बाबांचं नाव टाकायचं राहिलं, हे मला कळलंच नाही. पण हार... हार काही चुकून घातला नसता."

"खरंच चुकून आलं नाव?"

"खरंच. फक्त..."

"फक्त काय?"

"कागद बाहेर आला तेव्हा मला भाषा कळत नव्हती, पण नावं कळली. एकाखाली एक. तुम्हाला द्यायच्या आधी मी तो जरा... जरुरीपेक्षा जास्त वेळ बघत राहिलो. तेवढा गुन्हा माझा आहे."

वाऱ्यानं मोहराचा चुरा दोघांच्या मधे भुरभुरला. स्वरदानं संताप शोधला. सापडला, पण त्याची दिशा बदललेली.

"मग इतके दिवस पायरीवर बसून काय केलंत? एक शब्द विचारता येत नव्हता?"

"आता विचारू?"

"आता तरी विचारा!"

त्यानं घसा साफ केला. "स्वरदा, आयुष्याच्या प्रवासात—"

"थांबा! दृष्टान्त देऊ नका. दृष्टान्त माझं काम. तुम्ही सरळ बोला."

"मला तुम्ही फार आवडता," तो एका दमात म्हणाला. "तुमच्याशी लग्न करायचंय. म्हणजे... तुमची इच्छा असेल तर."

"असेल तर म्हणजे काय!" स्वरदा कडाडली. "आहे की!"

कीर्तनकाराचा आवाज तो. माइक बंद असला तरी शेवटच्या सतरंजीपर्यंत पोचणारा. झटकणारे हात थांबले. पायरीवर बसलेल्या रंभाबाईंना नेमकं काय ठरलं ते कळलं की नाही, देव जाणे. पण स्वरदाचा सूर असा चढला की काय करायचं, ते त्यांना वर्षानुवर्षं ठाऊक होतं.

"जय जय राम कृष्ण हरी!" त्यांनी हात वर करून गजर केला, आणि अख्ख्या देवळानं तो झेलला.

टाळ्या वाजल्या, थांबल्या. सगळे थांबल्यावर आंब्याखालून एक टाळी आली. उशिरा, पण या वेळी दोघांच्या हातांची.