कोंडाजीच्या बाटलीचं बूच

तळेगावच्या काचकारखान्यात हमीदला सगळे काजी म्हणत. बाटली आणि बूच यांचा निकाह लावणारा काजी. हाताने फुंकलेल्या दोन बाटल्यांची तोंडं कधी सारखी नसतात. एक पसरट, तर दुसरं उगाच आवळलेलं. अशा प्रत्येक तोंडाला साजेसं काचेचं बूच निवडायचं, कुरुंद दगडाची ओली खरखरीत पूड लावून दोन्ही एकमेकांत घासायची, आणि बसली की दोघांच्या अंगावर एकच खूण कोरायची. मग त्या जोडीत तिसऱ्याने यायचं नाही. हमीदने लावलेली लग्नं इतकी टिकत की लोक थट्टेत आपल्या पोरींची स्थळंही त्याला विचारत.

विलायतेत लढाई सुरू झाली, परदेशी माल बंद पडला आणि मुंबईच्या प्रयोगशाळा इकडे मागण्या धाडू लागल्या. त्यांना मापातलीच तोंडं हवी होती. हमीदच्या बाकामागच्या भिंतीवरच्या खिळ्याला तीन पितळी मापं आली: लहान, मधलं आणि मोठं. माप तोंडात सोडायचं. त्यावरच्या रेघेपर्यंत उतरलं की तोंड बरोबर. हमीदला हे मनापासून आवडलं. पितळ खोटं बोलत नाही, असं तो म्हणे.

त्याची बायको जैनब तेव्हा सोमाटण्याच्या वाटेवरच्या क्षयाच्या दवाखान्यात पडून होती. तिचं एक फुप्फुस पार खराब झालं होतं. तिथल्या डॉक्टरांकडे एक यंत्र होतं. त्यातल्या एका बाटलीतलं पाणी दुसरीत उतरे आणि दुसरीतली हवा सुईवाटे रोग्याच्या छातीत, फुप्फुसाशेजारी जाई. मग ते फुप्फुस मिटून विसावा घेई. जैनबला पहिल्या दोन खेपांना उतार पडला, आणि नेमकं तेव्हाच धुताना हवेच्या बाटलीचं तोंड फुटून उडालं.

"मुंबईभर विचारलं. मिळत नाही," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही करून आणाल का? पण सांध्यातून हवा गळता कामा नये. कमी गेली तर उपयोग नाही आणि जास्त गेली तर..." त्यांनी जैनबच्या खाटेकडे पाहिलं. "हिला फार दिवस थांबता येणार नाही, हमीद."

तसली जाड पोटाची, लांब मानेची बाटली फुंकणारा कारखान्यात एकच माणूस होता, आंदर मावळातला कोंडाजी. डाव्या हाताच्या मागच्या बाजूने तो ओठ पुसायचा, टाळूला जीभ लावून टक् करायचा, लांब श्वास घ्यायचा, जरा थांबायचा आणि मग नळी तोंडाला लावायचा. बोटांत नळी सारखी फिरत असे. नव्या माणसाला तो एवढंच शिकवी, "फिरवत ऱ्हावा. थांबलं की एका अंगाला लोंबतंय." हमीद कितीतरी वर्षं त्याच्या शेजारच्या बाकावर बसत आला होता.

पण कोंडाजी गेल्याच आठवड्यात वारला होता. एक बाटली फुंकून त्याने नळी दुसऱ्याच्या हाती दिली, स्टुलावर बसला आणि बसला तो उठलाच नाही. फुंकणारा गेला की त्याचा शेवटचा नग फोडून तुकडे पुन्हा भट्टीत टाकायचे, असा तिथला रिवाज होता. का, ते कुणी सांगत नसे. तो नग घासकामाच्या फळीवर आला, तेव्हा हमीदने तो हातात घेऊन पाहिला. जाड पोट आणि लांब मान. त्याने तो गुपचूप भाकरीच्या पिशवीत घातला.

संध्याकाळी फाटकापाशी भट्टीवरच्या म्हाताऱ्या अंबाजीने त्याला हटकलं.

"कोंडाजीचा नग तुज्याकडं आलता का?"

"आलता, आबा. फुटला."

"तुकडं?"

"टाकलं भट्टीत."

अंबाजीने पिशवीकडे पाहिलं. मग दुसरीकडेच बघत म्हणाला, "बरं झालं. तसल्या नगाचं तोंड बंद व्हाया नगं, म्हनून इचारलं."

हमीद भट्टीकडे परत फिरणार होता. पण डोळ्यांपुढे जैनबची खाट होती.

रविवारी त्याने कारखान्यातली मापं आणि बुचं आणून घरच्या पडवीत काम मांडलं. लोखंडी सुळक्याला कुरुंद लावून बाटलीचं तोंड आतून घासलं आणि मधलं माप सोडलं. ते बरोबर रेघेवर थांबलं. नळी जायला भोक असलेलं मधलं बूच त्याने निवडलं, घासून बसवलं. न डुगडुगता ते गप्प बसलं. इतकं सोपं काम झाल्यावर तो बिनघोर जेवायला गेला.

परत येऊन पाहतो, तर बूच सैल. बोट लावलं की हलत होतं. माप सोडलं, ते रेघेच्याही खाली गेलं. ऊन लागलं असेल, असं त्याने मनाला समजावलं. बाटली सावलीतच होती, आणि उन्हाने काच एवढी वाढत नसते हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? त्याने तसंच भोकाचं मोठं बूच घेतलं आणि पुन्हा घासायला बसला. ते बसलं म्हणेपर्यंत आपोआप वर उचललं गेलं. आता मधलं मापही रेघेपर्यंत उतरेना.

हमीदने हात पुसले. माप बाटलीच्या तोंडात तसंच ठेवलं आणि नुसता बघत राहिला.

माप हळूहळू खाली उतरलं. थांबलं. बराच वेळ थांबलं. मग तितक्याच सावकाश वर आलं.

आत टक् असा आवाज झाला.

पुन्हा ते उतरू लागलं.

तो आवाज त्याच्या ओळखीचा होता. त्यानंतरचं ते थांबणंही.

अंगणात पाट्यावर वरवंटा पडला होता. हमीदने तो उचलला. एक घाव पुरला असता. पण त्याला जैनबचा श्वास आठवला, वाटेत सतरा ठिकाणी अडणारा, अर्ध्यावरून मागे फिरणारा. आणि हा श्वास बघा, कसा भरदार, कसा निवांत. भीती वाटत होती, पण त्याहून जास्त हाव सुटली होती. श्वासच तर हवाय, तो स्वतःशी म्हणाला. वरवंटा त्याने खाली ठेवला.

आता बूच कोणत्या मापाचं हा प्रश्नच उरला नव्हता. कधी बसवायचं, एवढंच बघायचं होतं. मोठं बूच हातात धरून तो थांबला.

टक्.

तोंड रुंदावत गेलं. पुरतं रुंदावून थांबलं.

हमीदने बूच आत दाबलं.

काच बुचाभोवती आवळली. घासलेला पांढुरका पट्टा बघता बघता नितळ झाला आणि सांधा दिसेनासा झाला. बुचाच्या भोकावर बोट दाबून त्याने बाटली पाण्यात बुडवली. एकही बुडबुडा आला नाही. सवयीने त्याने दोघांवर एकच खूण कोरली.

"वा," डॉक्टर म्हणाले. "सांधा कुठे आहे तेच कळत नाही."

नव्या बाटलीतल्या पहिल्या सुईनंतर जैनब रात्रभर शांत झोपली. महिन्याभरात तिला भूक लागू लागली. डॉक्टर खूश होते. इतका लांब श्वास अशा रोग्याचा पाहिला नाही, म्हणाले. हमीदने आपल्या शिरगावच्या आणि तळेगावच्या सगळ्या ओळखीच्यांना गूळ वाटला. अंबाजीने गूळ घेतला, पण तोंडात टाकला नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाला ती घरी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी हमीद चुलीशी धडपडत होता. जैनबने त्याला हाताने बाजूला सारलं.

"सरा तुमी. तुमच्यानं न्हाई पेटायची."

किती दिवसांनी ती असं बोलली होती. तो भिंतीला टेकून कौतुकाने बघत राहिला. तिने फुंकणी उचलली. डाव्या हाताच्या मागच्या बाजूने ओठ पुसले.

टक्.

लांब श्वास घेतला. थांबली. मग फुंकणी तोंडाला लावली आणि चूल एका दमात लाल झाली. फुंकणी तिच्या बोटांत गोल, सारखी फिरत होती.

जैनबने कारखान्याचं फाटकही कधी पाहिलं नव्हतं.

"फुंकनी कशापाई फिरवतीस?" त्याने विचारलं.

तिने नवलाने त्याच्याकडे पाहिलं. बोटं थांबली नाहीत.

"अवो, फिरवाय नगं का?" ती म्हणाली. "थांबलं की एका अंगाला लोंबतंय."