पत्र्यावरच्या दोन थापा

खोटं वाटलं तर वाटू द्या. पण हे घडलंय, आणि ज्या बाईच्या बाबतीत घडलं ती राजेश्वरी माझी मावसबहीण आहे. भुताचं नाव काढलं की फिदीफिदी हसणारी बाई ती. आता हसत नाही.

गेल्या एप्रिलमधला रविवार. शेवगाव तालुक्यातला जायकवाडीच्या पाण्याचा काठ. वेळ तिन्हीसांजेची.

राजेश्वरीचा नवरा गोरक्षनाथ टेम्पोवाला. हंगामात पाथर्डीकडच्या ऊसतोड टोळ्या कारखान्यावर नेतो-आणतो. हंगाम सरला तसा त्यानं मागच्या पत्र्याच्या बंद बॉडीत बाकडी ठोकली, गादी टाकली, शेगडी ठेवली. झालं फिरतं घर! त्यांच्या सात वर्षांच्या लेकीनं, संस्कृतीनं, मोबाईलवर तसल्या गाड्या बघून घर डोक्यावर घेतलं होतं. तिला पाण्यातले गुलाबी रोहित पक्षी बघायचे होते.

टेम्पोचा एक नियम होता. टोळीवाल्यांचाच.

पुढं बसलेल्याला मागचं दिसत नाही. म्हणून सगळे चढले की मागच्यानं आतून पत्र्यावर थाप मारायची. दोन थापा म्हणजे चला. एक म्हणजे थांबा.

दोन थापा ऐकल्याशिवाय गोरक्षनाथ गिअर टाकत नसे. वीस वर्षांत टोळीचं एकही पोर मागं राहिलं नव्हतं. केवढा तोरा होता त्याला त्याचा!

दिवसभर ते काठाकाठानं फिरले. रोहित सोडाच, साधा बगळा दिसेना. टिटवीसुद्धा ओरडेना.

दिवस बुडाला तशी राजेश्वरीची सासू, रंगुबाई, मागं चढून आडवी झाली. राजेश्वरीला गाडी लागते, म्हणून ती पुढं बसली.

"चढ गं लवकर, आजीजवळ बस," गोरक्षनाथ ओरडला.

"आले पप्पा, एकदाच बघते!"

मागचं दार लागल्याचा आवाज आला.

मग... थाप. थाप.

टेम्पो निघाला.

आठ किलोमीटरवर फाट्याला चहाची टपरी लागली. लेकीला बिस्किटं द्यायला राजेश्वरीनं मागचं दार उघडलं. रंगुबाई एकटीच बसलेली.

"आत्या, पोरगी कुठाय?"

"आत्ता तर माझ्या कुशीत हुती की. लई गार पडली हुती गं. म्या गोधडी बी घातली."

राजेश्वरीनं गोधडी उचलली...

खाली गादी ओलीचिंब. गाळाचा वास.

पोरगी नव्हती.

गोरक्षनाथनं आईला पुढं बसवलं, मागच्या दाराला बाहेरून कडी घातली आणि टेम्पो वळवला.

मागं कुणी नव्हतं. दोघांनी डोळ्यांनी बघितलं होतं.

अर्ध्या वाटेवर...

थाप.

एकच.

"अहो, थांबा म्हणतंय..."

"मागं कुणी न्हाई!" तो खेकसला.

थाप. जरा वेळानं परत, थाप. पाणी जवळ येऊ लागलं तशा त्या एकेक थापा घाईला आल्या. आत कुणीतरी नको नको म्हणत होतं.

राजेश्वरीनं कान गच्च दाबले. तिची लेक पाण्याच्या काठाला एकटी होती, आणि हिच्या हातात काही म्हणजे काही नव्हतं. नुसतं बसायचं आणि गाडीच्या दिव्यांच्या उजेडातल्या रस्त्याकडं बघायचं.

संस्कृती होती. काठावरच्या धोंड्यावर, गुडघे पोटाशी घेऊन.

राजेश्वरीनं तिला उचललं. अंग गरम, कपडे कोरडे.

"मी येतच हुते मम्मी. तेवढ्यात ती चढली. तिनंच दार लावून घेतलं."

"ती कोण गं?"

"हितलीच हाय. म्हणली, मला कुणी न्यायलाच येत न्हाई."

गोरक्षनाथ मागं गेला. कडी तशीच होती. ती काढून त्यानं दार उघडलं...

आत कुणीच नाही. फक्त गादीपासून दारापर्यंत लहान, ओल्या पावलांचे ठसे.

सगळे पुढं कोंबून बसले. त्यानं गाडी चालू केली. मागून थाप आली नाही. त्याचा हात गिअरवर तसाच राहिला. वीस वर्षांची सवय ती!

"अहो, निघा की! पाया पडते!"

त्यानं गिअर टाकला.

आणि... थाप.

या वेळी बाहेरून. अगदी खाली, लहान पोराचा हात पोचेल तिथं.

त्यानं वेग वाढवला. परत थाप. गाडीमागं कुणीतरी पळत होतं.

"पप्पा, थांबा ना! ती राहिली!" संस्कृती किंचाळली.

पप्पा थांबले नाहीत.

आज टेम्पो दारात उभा आहे. गोरक्षनाथ चावीला हात लावत नाही. हे सांगताना राजेश्वरी ढसाढसा रडली. "आमची घावली गं, म्हणून आमी निघालो. पन ती बी कुनाची तरी असंल ना?"



परवा आम्ही एसटीनं नेवाशाला लग्नाला निघालो होतो. संस्कृती माझ्या शेजारी बसली होती. कंडक्टरनं डबल बेल दिली, तशी ती सीटवर उभी राहिली. मागं वळून तिनं शेवटच्या बाकापर्यंत एकेक माणूस बघितलं.

मग मला विचारलं, "मावशी, ती चढली का?"